कागद आधी, चाक नंतर

एस. टी. चा संप तुम्ही विसरला नसाल. २०२१ ची दिवाळी तोंडावर आली असताना गाड्या थांबल्या आणि २०२२ चा निम्मा एप्रिल उलटला तरी त्या पुऱ्या सुरू झाल्या नव्हत्या. आमचं गाव माण तालुक्यातलं, दहिवडीपासून आत. त्या पाच-सहा महिन्यांत आम्ही काय भोगलं ते आमचं आम्हाला ठाऊक. कॉलेजच्या मुली घरी बसल्या. शेजारच्या म्हातारीची डोळ्याची तपासणी राहिली ती राहिलीच. वडापवाल्यांनी भाडं वाढवलं, आणि एका जीपमध्ये चौदा माणसं कोंबून घेतली तरी आम्ही हात जोडून चढलो. रोज दारावरून जाणारी गाडी बंद पडली की किती घरांची घडी विस्कटते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आज मी तुम्हाला अशाच एका बंद पडलेल्या वाहनाची हकिकत सांगणार आहे. ते वाहन गावातलं नव्हे, पुण्यातलं. पण ते थांबलं तेव्हा त्याचा धक्का आमच्या घराला बसला. त्यात माझी स्वतःची चूक होती. ती झाकून ठेवण्यापेक्षा चार घरांना उपयोगी पडली तर बरी, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचा धाकटा बी. ए. झाला आणि २०२१ मध्ये सरकारी परीक्षांचा अभ्यास करायला पुण्याला गेला. तुमच्याही गावातली पोरं अशी गेलेली असतील. एका खोलीत सहा कॉट, त्यातली एक आपली. जेवायला मेस, बसायला अभ्यासिका. सगळं धरून महिन्याला आठ हजार लागायचे. जाताना त्याला मोटारसायकल घेऊन दिली. त्यासाठी दुभती म्हैस पासष्ट हजाराला विकली आणि वरचे वीस हजार गावच्या पतसंस्थेतून काढले. म्हैस दावणीतून सोडली त्या दिवशी सौ. जेवली नाही. पण पोराचं भलं होईल म्हणून बोललीही नाही.

वर्षभरानं, २०२२ च्या जूनमध्ये, पोराचा फोन आला. "आबा, आता पैसे पाठवू नका. माझं मी भागवतो."

मी विचारलं, "काय काम धरलंस?"

तेव्हा त्यानं सांगितलं. शहरात मोबाइलवरून गाडी बोलावण्याची सोय असते. ज्याला जायचं असेल तो फोनमध्ये ठिकाण टाकतो. जवळपास जो मोटारसायकलवाला असेल त्याच्या फोनवर घंटी वाजते. तो येतो, माणसाला मागे बसवतो आणि नेऊन सोडतो. भाडं कंपनीनं ठरवलेलं असतं. त्यातून ती आपला वाटा कापून घेते आणि उरलेलं गाडीवाल्याला मिळतं. आमचा धाकटा दिवसभर अभ्यासिकेत बसायचा आणि संध्याकाळी पाच ते रात्री दहा गाडी फिरवायचा. कंपनीचा वाटा जाऊन दिवसाला पाचशे मिळायचे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तेरा हजार. त्यातून पेट्रोल साडेतीन हजाराचं. पंक्चर, ऑइल, टायरची झीज यांना हजारभर. हातात आठ-साडेआठ हजार राहायचे. मी पारावर बसून चारचौघांना अभिमानानं सांगायचो, "पोरगं शिकतंय आणि कमावतंयही."

एक गोष्ट मात्र मी विचारली नाही. गाडी खाजगी, पाटी पांढरी. मग भाड्यानं माणूस नेता येतो का?

वाचकहो, बाजारातून बैल आणताना आपण पावती बघतो. बियाणं घेताना पिशवीवरची तारीख वाचतो. पण पोरगं पैसे पाठवू नका म्हणालं, आणि मी काही बघितलं नाही.

सप्टेंबरात एका पावसाच्या रात्री त्याची गाडी घसरली. त्याला खरचटलं, पण मागे बसलेल्या गृहस्थांचं मनगट मोडलं. माणूस भला होता, पोलिसांत गेला नाही. दवाखान्याचे साडेसहा हजार आम्ही भरले. दहिवडीला विम्याचं काम बघणारे एक ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे मी पॉलिसी घेऊन गेलो. त्यांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"गाडी पांढऱ्या पाटीची ना? मग भाड्यानं माणूस बसवलाच कसा? हा विमा घरच्या वापराचा आहे. भाड्याचा वापर निघाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते, किंवा आधी भरून मागनं तुमच्याकडून वसूल करायला येते. मनगटावर भागलं म्हणून बरं. उद्या एखादा जीव गेला तर तुमचं रान पुरणार नाही."

घरी येताना पाय जड झाले होते. तरीही मी पोराला थांबवलं नाही. रब्बीची पेरणी तोंडावर होती, बी आणि खत घ्यायचं होतं. त्याचे आठ हजार वाचत होते. "जपून चालव" एवढंच म्हणालो. ही माझी चूक.

नोव्हेंबरात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला सगळे गावी आले. माझा एक पुतण्या, भावकीतला, पुण्यात रिक्षा चालवतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तिथेच एका रुग्णालयात नर्स आहे. हे दोघे आणि आमचा धाकटा असे तिघे एका रात्री आमच्या सोप्यात जेवायला बसले आणि वादाला तोंड फुटलं.

पुतण्या म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा. परवाना मी काढला. दर साली पासिंग मी करतो. विमा भाड्याचा भरतो. मीटर तपासून घेतो. रिक्षाचा हप्ता साडेसहा हजार. आणि ह्यो पांढऱ्या पाटीवर माझं गिऱ्हाईक घेऊन जातो. मी काय करायचं?"

धाकटा म्हणाला, "तुम्ही जवळचं भाडं नाकारता, म्हणून ते माझ्याकडं येतं."

"जवळच्या भाड्याला जाऊन रिकामा परत येऊ? गॅस कोण देणार?"

भाची भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामा, ह्या दोघांचं चालू द्या. माझं कुणी विचारत नाही. रात्री आठला ड्यूटी सुटते. खोली सहा किलोमीटरवर. रिक्षाचे शंभर होतात, मोटारसायकलचे पंचेचाळीस. परक्या माणसाच्या मागे बसायला मला हौस नाही. पण ह्यात त्याचं नाव, गाडीचा नंबर फोनवर येतो, आणि मी कुठवर पोचले ते आईला दिसतं."

मी गप्प राहिलो. कारण तिघांचंही खरं होतं. रिक्षाचं गणित मला पुतण्यानं नंतर समजावलं. सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर होता. सहा किलोमीटरचे शंभर होतात ते असे. भाची खोटं बोलत नव्हती आणि मीटरही खोटं नव्हतं. शिवाय २०१७ मध्ये सरकारनं रिक्षा परवान्यांच्या संख्येवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून रिक्षा वाढल्या आणि एकेकाच्या वाट्याचं गिऱ्हाईक कमी झालं. कर्ज काढून रिक्षा घेणारात आपल्याच भागातली, दुष्काळानं हाकललेली माणसं किती आहेत ते पुण्याला गेल्यावर कळतं.

रथ झाला आणि सगळे परत गेले. त्यानंतरच्या सोमवारी, २८ नोव्हेंबरला, पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी बंद पुकारला. मोटारसायकलवरची ही बेकायदा वाहतूक थांबवा, एवढी त्यांची मागणी. आमचा पुतण्या त्यात होता. त्या दिवशी आमच्या पोराला मात्र नेहमीपेक्षा जास्त भाडी मिळाली. एकाच भावकीतली दोन माणसं, एकाची चूल पेटायला दुसऱ्याची विझावी लागावी, अशी वेळ आली.

पुढचं भराभर घडलं. कंपन्यांनी अशी वाहतूक करायला सरकारकडून परवाना घ्यायचा असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे. तो परवाना मिळाला नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं विनापरवाना सेवा ताबडतोब थांबवायला सांगितलं. १९ जानेवारीला राज्य सरकारनं खाजगी गाड्या अशा भाड्याच्या कामाला वापरायला बंदी घातली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण ७ फेब्रुवारीला तिथेही दिलासा मिळाला नाही.

१३ जानेवारी म्हणजे भोगीच्या आदला दिवस. सौ. तीळ भाजत होती. फोन वाजला. पोरगं म्हणालं, "आबा, ॲप बंद झालं. आज घंटीच वाजली नाही."

न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या गाडीला परवाना नाही, ज्या प्रवाशाला विम्याचं छत्र नाही, ती गाडी थांबवायलाच हवी होती. मनगट मोडलेल्या त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. पण थांबण्याचा भार कुणावर पडला ते बघा. कंपनीचा धंदा बाकीच्या राज्यांत चालू होता. आमच्या पोराकडे ना नेमणुकीचा कागद, ना नोटिशीचा महिना. पतसंस्थेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला आला. त्यानं दिवसा पार्सल पोचवायचं काम धरलं. सकाळी नऊ ते रात्री नऊ. अभ्यासिकेची फी भरलेली होती, पण बसायला वेळ उरला नाही. त्या वर्षीच्या परीक्षेत थोडक्यात हुकला. ॲप चालू असतं तर पास झाला असता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बाप म्हणून मनात येतंच.

भाचीचं काय झालं? दिवसाला पंचावन्न रुपये जास्त, सव्वीस दिवसांचे चौदाशे तीस. नर्सच्या पगारातून घरी पाच हजार पाठवणाऱ्या मुलीला ही रक्कम थोडी नव्हे. पहिला महिना तिनं तसाच काढला. त्यात धाकट्या भावाच्या क्लासची फी राहिली. मग काही दिवस बससाठी थांबून बघितलं, तर घरी पोचायला साडेनऊ वाजायचे आणि इकडे आईचा जीव टांगणीला.

शेवटी तिनंच मार्ग काढला. त्याच बाजूला राहणाऱ्या आणखी दोन नर्स गाठल्या, आणि आमच्या पुतण्याला फोन लावला. "दादा, तिघींना महिन्याचं बांधून घेतोस का? शाळेची पोरं नेतात तसं." त्यानं होकार दिला. रोज रात्री सव्वाआठला रिक्षा दारात. तिघींत मिळून भाडं वाटलं की एकीला मोटारसायकलपेक्षाही कमी पडायला लागलं. अडचण एवढीच की एकीची ड्यूटी लांबली तर बाकीच्या दोघींना ताटकळावं लागतं, आणि पुतण्या गावी आला की त्या दिवशी प्रत्येकीनं आपलं बघायचं. पण त्याला महिन्याचं बांधलेलं गिऱ्हाईक मिळालं आणि बहीण रात्री निर्धास्त झोपायला लागली. सोप्यातल्या त्या भांडणाचा शेवट असा झाला. मात्र अशी भावकी पुण्यात सगळ्यांचीच नसते. ज्यांचं कुणी ओळखीचं नव्हतं त्या बाया त्या महिन्यांत कशा घरी गेल्या असतील, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

हे आपल्याच मुलखात घडतं असंही नाही. २०१७ च्या सप्टेंबरात लंडन शहरानं उबर कंपनीचा परवाना पुढे चालू ठेवायला नकार दिला. तिथे चाळीस हजार चालक आणि सुमारे पस्तीस लाख गिऱ्हाइकं या सेवेवर होती. पण तिथल्या कायद्यात अपिलाची सोय होती, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत गाड्या चालू राहिल्या. २०१८ च्या जूनमध्ये न्यायालयानं कंपनीला पंधरा महिन्यांचा परवाना दिला. कंपनीनं कारभार सुधारावा यासाठी ती मुदत होती. अमेरिकेत ऑस्टिन नावाचं शहर आहे. तिथे चालकांच्या बोटांचे ठसे घेऊन तपासणी करावी की नाही यावर मे २०१६ मध्ये लोकांचं मतदान झालं. कंपन्यांच्या मनासारखा कौल लागला नाही, तशा दोन मोठ्या कंपन्या दोनच दिवसांत शहर सोडून गेल्या. चालक आणि प्रवासी आ वासून बघत राहिले. मग गावातल्याच लोकांनी नफा न घेणारी एक सेवा उभी केली, आणि पुढची चार वर्षं ती चालली.

पहिल्या ठिकाणी दार लोटायला वेळ दिला, दुसऱ्या ठिकाणी ते धाडकन आपटलं. हाल कुठे जास्त झाले असतील ते सांगायला नको. साखर कारखाना बंद पडताना ऊस उभा आहे की तुटला आहे, यावर शेतकऱ्याचं मरण ठरतं. तसंच हे. सेवा बंद करायचीच तर तिच्यावर पोट असलेल्यांना आणि रात्री घरी जाणाऱ्यांना दुसरी वाट आधी दाखवावी, एवढं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

दोन वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, राज्याच्या मंत्रिमंडळानं दुचाकी टॅक्सीचं धोरण मंजूर केलं. पण ते विजेवरच्या दुचाकींसाठी. बातमी वाचून धाकटा हसला. म्हणाला, "आबा, दार उघडलं, पण आपली गाडी त्यातनं जात नाही." त्याच वर्षीच्या जूनमध्ये सहकार टॅक्सी नावाची सहकारी संस्था नोंदली गेली. अमूल, इफको, नाबार्ड अशा आपल्या ओळखीच्या संस्था तिच्या पाठीशी आहेत, आणि चालकच सभासद असावा अशी तिची कल्पना आहे. दूध संघ, सोसायट्या आपण जवळून बघितल्या आहेत. सहकार चांगला चालला तर घर तारतो आणि बिघडला तर बुडवतो, हेही आपण जाणतो. तेव्हा पोरगं सभासद होत असेल तर होऊ द्या, पण हिशेब विचारायची सवय त्याला आधी लावा.

आता माझ्यासारख्या बापांना चार शब्द. पोरगा शहरात गाडीचं काम धरतो म्हणाला तर आनंद माना, पण त्याच दिवशी काही गोष्टी विचारा. गाडीची पाटी पिवळी आहे का? विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत का? परवाना कुणाच्या नावावर आहे? विमा भाड्याच्या वापराचा आहे का? ज्या कंपनीच्या भरवशावर गाडी घ्यायची तिला सरकारी परवाना आहे का? आणि शेवटचा प्रश्न, उद्या हे बंद झालं तर हप्ता कशातून भरायचा? याचं उत्तर "बघू" असं आलं तर म्हैस दावणीलाच राहू द्या. आपल्याही गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड बसवतात, मालाच्या टेंपोतून बाया खुरपणीला नेतात. त्यालाही हाच न्याय लागू आहे, हे आपण सोयीनं विसरतो.

आणि ज्यांच्या लेकी-सुना शहरात नोकरी करतात त्यांनी एवढं करावं. जाण्यायेण्याचा एकच मार्ग धरू नये. शेवटची बस किती वाजता आहे ते ठाऊक असावं. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. त्याच वाटेच्या दोन-तीन मैत्रिणी असाव्यात. फोनची सोय चांगलीच आहे, पण ती दुसऱ्याच्या हातातली आहे.

धाकटा २०२४ मध्ये गावी परत आला. जुना तीनचाकी टेंपो घेतला, पण घेण्याआधी आम्ही दोघे साताऱ्याला आर. टी. ओ. कचेरीत चार खेपा घालून आलो. पाटी पिवळी आहे, परवाना त्याच्या नावावर आहे. हंगामात कांदा घेऊन लोणंदला जातो. एकाच आडत्याचं भाडं धरलेलं नाही, चार जणांचं आहे. परीक्षेचं म्हणाल तर पुस्तकं अजून फडताळात आहेत, आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून सौ. ती अधूनमधून पुसते.

त्या मोटारसायकलला आता दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावले आहेत. पतसंस्थेचं कर्ज फिटलं तेव्हा गेल्या दिवाळीला पुन्हा एक म्हैस घेतली. रोज पहाटे मीच त्या गाडीवरून डेअरीला दूध घालून येतो. पाटी पांढरीच आहे, पण दूध आमच्या घरचं आहे, भाड्याचं नव्हे. तरीसुद्धा एकदा विम्याच्या त्या गृहस्थांना विचारून घेतलं. ते हसले आणि म्हणाले, "आबा, आता तुम्ही शिकलात."

उशिरा शिकलो, वाचकहो. तुम्ही वेळेवर शिका.